प्रेताचा श्वास आणि खर्चाचा हिशेब

न्यूयॉर्क शहर प्रेतांच्या ताब्यात गेले आहे. रेडिओवरचा निवेदक धापा टाकत सांगतो, ती इमारतीत शिरली आहेत, दाराशी आली आहेत. पडद्यावर ब्रुकलिन पुलावरून मेलेल्यांची रांग पाय ओढत शहराकडे निघाली आहे. संगीत गंभीर आहे. आणि त्या रांगेच्या बरोबर खाली, पुलाच्या मोटाररस्त्यावर, गाड्या रोजच्यासारख्या चालल्या आहेत. कोणी ब्रेकसुद्धा दाबत नाही.

ल्युचो फुल्ची या इटालियन दिग्दर्शकाच्या १९७९ सालच्या 'झॉम्बी टू' या चित्रपटाचा हा शेवट. 'टू' कशाचा, तर जॉर्ज रोमेरो या अमेरिकन दिग्दर्शकाचा 'डॉन ऑफ द डेड' इटलीत 'झॉम्बी' या नावाने चालला होता, म्हणून याला दुसरा क्रमांक दिला. दोन्हींच्या कथांचा काही संबंध नाही. म्हणजे चूक नावापासूनच सुरू होते. मी हा चित्रपट नव्वदच्या आसपास तालुक्याच्या गावी एका व्हिडिओ पार्लरमध्ये पाहिला. सतरंजीवर बसलेले आम्ही दहा-बारा जण त्या गाड्या पाहून पोट धरून हसलो होतो.

मी साखर कारखान्याच्या हिशेब विभागात नोकरी करतो. चित्रपटाचे शिक्षण मला नाही. जे आहे ते सतरंजीवर, नंतर भाड्याच्या व्हीसीडीवर आणि आता मुलाच्या लॅपटॉपवर मिळवलेले. मात्र लाल कापडी बांधणीच्या एका खतावणीत मी गेली पंचवीस वर्षे स्वस्तातल्या झॉम्बीपटांच्या चुका लिहीत आलो आहे. तीन रकाने : चित्रपट, चूक, शेरा. सुरुवातीची पाने नुसती टवाळीची आहेत. पुढे धंद्याची सवय आड आली. जमाखर्चात फरक दिसला की हिशेबनीस हसत नाही, तो विचारतो, पैसा कुठे कमी पडला? ब्रुकलिन पुलाखालच्या गाड्या थांबवायच्या तर पूल बंद करावा लागतो. तेवढी ऐपत नव्हती, म्हणून प्रेते पादचाऱ्यांच्या वाटेवरून चालली आणि शहर आपल्या कामाला लागले. तो शॉट म्हणजे न फाडलेली पावती आहे. अशा पावत्या वाचायला लागल्यापासून मला हे चित्रपट जास्त हसवतात, आणि दोन-तीन ठिकाणी अजिबात हसवत नाहीत. त्या दोन्हींबद्दल हे लेखन आहे.

आधी शब्दाबद्दल थोडे. साहित्याच्या वाचकाला झॉम्बी म्हटले की आनंद यादवांची 'झोंबी' आठवते. तिचा याच्याशी संबंध नाही, तरी मला तो योगायोग आवडतो. आपली झोंबी म्हणजे झटापट, अंगाला अंग भिडवणे. आणि यांच्या चित्रपटात मेलेले लोक दुसरे काय करतात? आपल्याकडचे जुने चालते-बोलते प्रेत म्हणजे वेताळपंचविशीतले. पण ते विद्वान आहे, गोष्ट सांगते, राजाला कोड्यात पकडते. झॉम्बीला जीभ असून भाषा नाही. निर्मात्याच्या दृष्टीने हा मोठाच फायदा. बोलत नाही त्याला संवाद नको, पाठांतर नको, नट तर नकोच. ड्रॅक्युलाला किल्ला लागतो, आपल्या हिंदी भुतांना हवेली आणि झुंबर लागते. झॉम्बीला शेजारी लागतात आणि त्यांचे जुने कपडे.

म्हणून पहिल्याच चित्रपटाला हात घालणारा तरुण झॉम्बीपट करायला जातो आणि तिथेच फसतो. कारण हा प्रकार जितका स्वस्त, तितकीच त्याची एकमेव अट अवघड : जिवंत माणूस मेलेला दिसला पाहिजे. आणि जिवंत माणूस श्वास घेतो. तो डोळे मिचकावतो. कॅमेरा आपल्यावर आहे का, हे हळूच बघतो. थंडीच्या रात्री त्याच्या तोंडातून वाफ येते. माझ्या वहीत सर्वांत जास्त नोंदी या श्वासाच्याच आहेत. पडलेल्या प्रेताची छाती वर-खाली होते आणि बाजूला नायिका त्याच्यासाठी रडत असते. मोठ्या बजेटात हा शॉट पुन्हा घेतात, नाहीतर छातीवरून चादर ओढतात. इथे फिल्म संपत आलेली असते किंवा ज्यांचे घर आहे ते जेवायला यायची वेळ झालेली असते.

दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे दिवसाची रात्र. रात्री चित्रण करायचे तर दिवे लागतात, जनरेटर लागतो. त्यापेक्षा दुपारी चित्रण करून लेन्सचे छिद्र बारीक करायचे, निळी काच लावायची, की चांदणे पडले. अट एवढीच की आभाळ चौकटीत येता कामा नये आणि सगळे तुकडे सारखेच काळोखे व्हायला हवेत. स्वस्तातल्या चित्रपटात दोन्ही अटी मोडतात. नायिका मध्यरात्री दफनभूमीत शिरते, भर उन्हात ठेचकाळते आणि पुन्हा रात्री किंचाळते.

हे अगदी असेच पाहायचे असेल तर एड वुडचा 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' पाहावा. चित्रण १९५६ चे, सर्वत्र प्रदर्शन १९५९ मध्ये. परग्रहावरचे लोक पृथ्वीवरची प्रेते उठवतात अशी कथा. या चित्रपटाला मेडवेड बंधूंनी १९८० मध्ये जगातला सर्वांत वाईट चित्रपट ठरवले आणि तेव्हापासून तो अमर झाला. यातले थडग्यांचे दगड माणसाचा धक्का लागला की डुलतात. विमानाच्या कॉकपिटला दाराऐवजी पडदा आहे. टॉर जॉन्सन हा अगडबंब स्वीडिश मल्ल कबरीतून उठताना इतका अडकतो की प्रेक्षकाला हात द्यावासा वाटतो. उडत्या तबकड्या म्हणजे मोटारीच्या चाकाच्या झाकण्या, असे अजून लिहिले जाते. खरे तर ती दुकानात मिळणारी खेळण्यातली जोडणी होती आणि दोरा दिसतो.

पण मला रस आहे तो बेला लुगोसीच्या जागेत. १९३१ च्या 'ड्रॅक्युला'चा हा नायक उतारवयात विपन्न झाला होता. १९५६ च्या ऑगस्टमध्ये तो वारला तेव्हा वुडकडे त्याचे काही मिनिटांचे मूक चित्रण होते : घरातून बाहेर येतो, फूल तोडतो, झगा पसरतो. ते दुसऱ्याच कामासाठी घेतलेले. वुडने त्याभोवती अख्खा चित्रपट रचला आणि उरलेल्या भागासाठी आपल्या बायकोच्या पाठीवर उपचार करणारा टॉम मेसन उभा केला. मेसन लुगोसीहून उंच, चेहऱ्यात साम्य नाही. म्हणून तो चित्रपटभर झग्याने नाकापर्यंत तोंड झाकून हिंडतो. पैसे कोणी दिले? बेव्हर्ली हिल्सच्या बॅप्टिस्ट चर्चमधल्या मंडळींनी. त्यांना नावातले 'ग्रेव्ह रॉबर्स', म्हणजे थडगी लुटणारे, खटकले म्हणून नाव बदलले, आणि चित्रपटातल्या काही जणांनी त्यासाठी बाप्तिस्माही घेतला.

तोंड झाकलेला तो माणूस दिसला की सगळे हसतात. मी पूर्वी हसलो ते बदली नट पकडला म्हणून. आता हसतो ते वेगळ्या कारणाने. मेलेल्या माणसाला पुन्हा उभे करणे ही त्या चित्रपटाची कथा आहे आणि पडद्यामागे दिग्दर्शक नेमके तेच करू पाहतो आहे, खिशात दमडी नसताना. वुडला आपण काही वाईट करतो आहोत अशी शंकासुद्धा नव्हती. नकळत घडणारा विनोद या भोळेपणावरच उभा असतो. हल्ली ठरवून वाईट चित्रपट काढतात, मुद्दाम रबरी हात तुटतात, मुद्दाम मायक्रोफोन चौकटीत येतो. त्यातला एकही मला दहा मिनिटांपुढे बघवला नाही. लग्नात मुद्दाम घसरून पडणाऱ्या काकांना कोण हसते?

पाण्याने केलेली फजिती म्हणजे 'झॉम्बी लेक', फ्रान्स, १९८१. दिग्दर्शक जाँ रोलँ कवी मनाचा माणूस, पण हे काम ऐन वेळी गळ्यात पडलेले, म्हणून त्याने नावही टोपण घेतले. महायुद्धात गावकऱ्यांनी मारून तळ्यात फेकलेले जर्मन सैनिक हिरवे होऊन बाहेर येतात. हिरवे म्हणजे रंग फासलेले, आणि तो रंग ओला. झॉम्बी बाईच्या मानेला चावतो आणि तिची मान हिरवी होते. कान रंगवायचे राहिले आहेत. तळ्याच्या तळाची दृश्ये पोहण्याच्या तलावात घेतली आहेत आणि तलावाची भिंत स्वच्छ दिसते. त्यातल्या एका सैनिकाला गावातल्या मुलीपासून झालेली लेक आहे. तिच्या वयावरून काळ १९५५ च्या आसपासचा धरावा तर बाकीच्यांचे कपडे आणि गाड्या १९८० च्या. तरीही तो हिरवा बाप लेकीला जपतो तो भाग पाहताना पार्लरमधली सतरंजी गप्प झाली होती, हे मी वहीत लिहून ठेवले आहे. शेरा : 'रंग निघाला तरी बाप उरला.' तेव्हा मी असे शेरे लिहीत असे.

आता ज्याच्यापासून हे सगळे सुरू झाले तो रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', १९६८. पिट्सबर्गची, जाहिराती बनवणारी ही पोरे. दहा जणांनी सहाशे-सहाशे डॉलर काढून सुरुवात केली. सगळा खर्च मिळून १,१४,००० डॉलरच्या आसपास गेला. रक्त म्हणजे चॉकलेटचे सरबत, कृष्णधवल फिल्ममध्ये खपून जाते. मांस आणि आतडी त्यांच्यातल्याच एका खाटीक भागीदाराकडची. घर पाडायला काढलेले होते, त्यामुळे फळ्या ठोकून, काचा फोडून वापरता आले. प्रेते म्हणजे मित्र, गावकरी आणि जाहिरात कंपनीचे गिऱ्हाईक. झॉम्बी हा शब्द चित्रपटात एकदाही येत नाही. आणि पुढे जगभर जो नियम झाला की झॉम्बी मंद चालतो आणि त्याला हत्यार कळत नाही, तो यातल्या पहिल्याच प्रेताला माहीत नाही : ते बऱ्यापैकी पळते आणि दगड उचलून मोटारीची काच फोडते.

ती मोटार जॉनीचे काम करणाऱ्या रसेल स्ट्रायनरच्या आईची. चित्रणाच्या मधल्या काळात कोणीतरी तिला ठोकर दिली आणि पोचा पडला. दुसरी गाडी आणायला पैसे नाहीत. मग रोमेरोने कथाच वळवली : नायिका चावीविना गाडी उतारावरून सोडते आणि ती झाडावर आदळते. पोचा कथेत जमा झाला. हिशेबात याला फिरवाफिरव म्हणतील, पण इतकी स्वच्छ फिरवाफिरव मी दुसरी पाहिलेली नाही. चांगला दिग्दर्शक चूक टाळतो असे नाही, ती खर्ची टाकतो.

एक चूक मात्र त्याला खर्ची टाकता आली नाही, आणि ती कारकुनी चूक होती. चित्रपटाचे आधीचे नाव 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स'. वितरकाने नाव बदलले, नव्या नावाची पाटी केली, आणि स्वामित्वहक्काची ओळ तिच्यावर टाकायची राहून गेली. त्या वेळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे ओळ नाही तर हक्क नाही. चित्रपट प्रदर्शित होताच साऱ्या जगाचा झाला. पुढची कित्येक वर्षे कोणीही त्याच्या प्रती काढल्या, कुठल्याही वाहिनीने फुकट दाखवला. करणाऱ्यांच्या हाती त्यातले फार थोडे आले. पण फुकट होता म्हणून तो सगळीकडे पोहोचला, आणि पोहोचला म्हणून हा प्रकार रुजला. आयुष्यभर ओळी तपासण्यात घालवलेल्या माणसाला ही हकिगत वाचून रात्री झोप लागली नव्हती.

आपल्याकडे प्रेत उठवण्याचा स्वस्त धंदा रॅमसे कुटुंबाने केला, तोही महाबळेश्वरात. 'दो गज जमीन के नीचे', १९७२ : खून झालेला नवरा जमिनीखालून परत येतो. भावांनीच कामे वाटून घेतलेली. दिग्दर्शन तुलसी आणि श्याम, कॅमेरा गंगू, ध्वनी किरण, संकलन अर्जुन. बाहेरच्याला मजुरी द्यायचीच नाही असा हा बेत. त्यांच्यावर वेगळे लिहायला हवे. मराठीत अलीकडे, २०२२ मध्ये, आदित्य सरपोतदारांचा 'झोंबिवली' आला. तो हसतो ते ठरवून आणि नेटके, त्यामुळे माझ्या वहीत त्याला जागा नाही.

जिथे हसू येत नाही तिथे आता येतो. ब्रुनो मॅटेईचा 'हेल ऑफ द लिव्हिंग डेड', १९८०. कथा न्यू गिनीत घडते, चित्रण स्पेनमधले. जंगल दाखवायला पैसे नाहीत म्हणून दुसऱ्यांनी काढलेल्या माहितीपटांचे तुकडे जोडले आहेत. नटीने झाडीकडे बघितले की दुसऱ्याच फिल्मचा, दुसऱ्याच दाण्याचा तुकडा येतो. संगीतसुद्धा 'डॉन ऑफ द डेड'मधून उचललेले. याच्यावरही पुष्कळ हसता येते, आणि मी पानभर हसलो आहे. पण त्या तुकड्यांतली माणसे खरी आहेत, त्यांचे विधी खरे आहेत. आपण रबरी प्रेतांच्या शेजारी बसणार आहोत हे त्यांना कोणी विचारले नव्हते. हिरवा रंग पुसला जातो ती गरिबी. दुसऱ्याचा विधी भरतीला वापरला जातो ती गरिबी नव्हे, तो माज आहे.

आणि दुसरे ठिकाण म्हणजे १९३२ चा 'व्हाइट झॉम्बी'. पडद्यावरचा हा पहिला मोठा झॉम्बीपट. हॅल्परिन बंधूंनी तो अकरा दिवसांत उरकला, युनिव्हर्सल स्टुडिओत दुसऱ्या चित्रपटांसाठी उभारलेले सेट भाड्याने घेऊन. नायक असे बोलतो की त्यापेक्षा प्रेते बरी. लुगोसी इथेही आहे, डोळे वटारून बोटांत बोटे अडकवणारा. हे सगळे वहीत आहे. पण मध्येच साखरेची गिरणी येते.

कथा हायतीची. हा प्रदेश फ्रेंचांच्या काळात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या कष्टावर साखर पिकवीत असे. तिथल्या लोकांची झॉम्बीची भीती आपल्याला चित्रपटांनी सांगितली तशी नाही. झॉम्बी खाईल ही भीती नव्हती. आपण झॉम्बी होऊ, मरणानंतरही रानातून सुटका होणार नाही, ही होती. १९१५ ते १९३४ हायती अमेरिकी सैन्याच्या ताब्यात होते. त्याच काळात, १९२९ मध्ये, विल्यम सीब्रूकचे 'द मॅजिक आयलंड' निघाले. त्यात उसाच्या रानात कामाला आणलेल्या मेलेल्या मजुरांची गोष्ट आहे, आणि रान एका अमेरिकन साखर कंपनीचे आहे. तिथून हा प्राणी पडद्यावर आला.

तर गिरणी. पाट्या डोक्यावर घेतलेली माणसे एका ओळीत येतात, ऊस चरकात ओततात, फिरतात. खाली काही जण खांबाला जुंपल्यासारखे चरक ओढताहेत. संगीत नाही, फक्त लाकडाची करकर. एक जण अडखळून चरकात पडतो. कोणी थांबत नाही. चरकही थांबत नाही.

मी हे पहिल्यांदा पाहिले ते गळीत हंगामात, रात्रपाळी करून आल्यावर. नोंद करायला वही उघडली आणि काही लिहिले नाही. त्याच्या आदल्या वर्षी ऊसतोडीला आलेल्या एका टोळीतला माणूस हंगामातच वारला होता. काही दिवसांनी मुकादम हिशेबाला आला तेव्हा त्याच्या वहीत मी पाहिले : त्या माणसाच्या नावावरची उचल मुलाच्या नावावर ओढली होती, वरच्या ओळीवर रेघ आणि खाली नवे नाव. मुलगा कोयता घेऊन फडात आलेला होता. बेरीज बरोबर होती, मी तपासली होती. 'व्हाइट झॉम्बी'पुढचा शेरा मी आजही कोरा ठेवला आहे.

स्वस्तातल्या झॉम्बीपटात प्रेते होणारी माणसेही बहुधा फुकटच राबतात, हे मात्र त्यानंतर नजरेतून सुटेनासे झाले. फरक एवढाच की ती हौसेने येतात आणि घरी जातात. मार्क प्राइस या ब्रिटिश तरुणाचा 'कॉलिन' कान महोत्सवाच्या बाजारात २००९ मध्ये गाजला तो ४५ पौंडांत केला म्हणून. खर्चाचा तपशील असा की मला तो चौकट करून लावावासा वाटतो : एक पहार, काही टेपा, बाकी चहा-कॉफी. चित्रपट खुद्द झॉम्बीच्या बाजूने सांगितला आहे आणि उदास आहे. रात्रीचा भाग नीट दिसत नाही. चहाच्या पैशांत दिवे येत नाहीत.

शेवटी शिनिचिरो उएदाचा 'वन कट ऑफ द डेड', जपान, २०१७. खर्च तीस लाख येन, नट बहुतेक अनोळखी, जागा एक बंद पडलेले जलशुद्धीकरण केंद्र. तोक्योतल्या दोन लहान चित्रगृहांत लागला आणि पुढे तीन अब्ज येनच्या वर कमाई केली. ज्यांना कथा आधी कळलेली चालत नाही त्यांनी इथून पुढे चित्रपट पाहून झाल्यावर वाचावे.

पहिली सदतीस मिनिटे एका सलग शॉटची आहेत आणि वाईट आहेत. नट मध्येच थांबून एकमेकांचे छंद विचारतात. ध्वनिमुद्रक कारण नसताना उठून बाहेर जातो. कॅमेरा जमिनीवर पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो, मग अचानक उगाच झूम मारायला लागतो. कुऱ्हाड हवी त्या जागी सापडते. मी पहिल्या खेपेला वहीत एकोणीस नोंदी केल्या. त्यानंतर चित्रपट मागे जातो आणि ते चित्रण कसे झाले ते दाखवतो : थेट प्रसारण, थांबायची सोय नाही. ध्वनिमुद्रकाचे पोट बिघडलेले. एक नट दारू पिऊन लास, त्याची ओकारी खरी. कॅमेरावाल्याची पाठ धरली आणि तो पडला. कॅमेरा उचलला तो त्याच्या सहायिकेने, जिला झूमची हौस आहे. छंदांच्या गप्पा वेळ काढायला. माझ्या एकोणीस नोंदींपैकी सोळांना पावती मिळाली. आणि लेन्सवर उडालेले रक्त, जे कोणीतरी पटकन पुसते, ते तर त्यांनी लिहिलेलेच नव्हते. चित्रण करताना खरोखर उडाले, आणि तसेच ठेवले.

शेवटचा शॉट उंचावरून हवा असतो. त्यासाठी आणलेली क्रेन खाली पडून मोडलेली असते. मग दिग्दर्शक, नट, तंत्रज्ञ, रक्ताने माखलेली प्रेते, सगळे गुडघ्या-हातांवर ओणवे होतात आणि थरावर थर लावतात. आपल्याकडे गोकुळाष्टमीला लावतात तसेच, फक्त वर हंडीऐवजी कॅमेरा. खालचे थरथरताहेत, कोणीतरी ओरडून सेकंद मोजतो आहे. माझ्या वहीतली सतरावी नोंद या शॉटची होती : 'शेवटी कॅमेरा हलतो.'